नकोशी नोकरी: आधी झोप, मग वही, मग राजीनामा

नाशिकमधील एका खासगी बँकेच्या शाखेत मी सात वर्षे नोकरी केली आणि त्यांतील शेवटच्या तीन वर्षांत रविवारची संध्याकाळ ही माझ्यासाठी आठवड्यातील सर्वांत वाईट वेळ होऊन बसली होती. चहा घेऊन झाला, साडेपाच वाजले की पोटात गोळा यायचा, बोलणे तुटक व्हायचे आणि दुसऱ्या दिवशीच्या शर्टाला इस्त्री करताना हात उगाचच जोरात चालायचा. एकदा पत्नी म्हणाली, "तू कामाला सोमवारी जातोस, पण घरातून रविवारीच निघून गेलेला असतोस." त्या वाक्यानंतर राजीनामा देईपर्यंत मला चौदा महिने लागले. त्या चौदा महिन्यांत जे चुकत-माकत शिकलो, ते क्रमाने लिहून काढावे, म्हणजे आज त्याच जागी बसलेल्या कोणाला तरी थोडे सोपे जाईल, एवढ्यासाठी हा लेख आहे.

"मी अडकलो आहे" असे आपण म्हणतो तेव्हा निदान तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबलेल्या असतात. शरीर आणि मन थकलेले असते, कामातला काही भाग आपल्याला सोसवत नाही, आणि हप्ते, नोटीस पिरियड, घरच्यांची अपेक्षा अशी काही बाहेरची बंधने असतात. या तिन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि ते कोणत्या क्रमाने करायचे हेही महत्त्वाचे आहे. थकलेल्या अवस्थेत माणूस कामाची पारख नीट करू शकत नाही, आणि नेमके काय नको आहे हे कळण्यापूर्वी पैशाचा हिशेब मांडला तर तो भीतीचाच हिशेब होतो. म्हणून पुढील टप्पे मी ज्या क्रमाने मांडले आहेत, त्याच क्रमाने घ्यावेत अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

हा मार्ग कोणासाठी नाही

कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ, मारहाण, जातीवरून अपमान किंवा पगार अडवून ठेवणे असे काही घडत असेल, तर वही लिहीत तीन आठवडे वाट पाहू नये. लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. त्याहून लहान ठिकाणी काम करणाऱ्या स्त्रियांना जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. तक्रार साधारणतः घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी द्यावी लागते, त्यामुळे तारखा, मेसेज, ईमेल आणि त्या वेळी उपस्थित असलेल्यांची नावे त्याच दिवशी लिहून ठेवावीत.

त्याचप्रमाणे, जगणेच नको असे विचार येत असतील, तर नोकरीचा प्रश्न पूर्ण बाजूला ठेवून आजच कोणाशी तरी बोलावे. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा 2022 पासून सुरू आहे. 14416 या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतूनही समुपदेशकाशी बोलता येते. मी स्वतः एकदा रात्री पावणेबाराला हा क्रमांक लावला होता. पलीकडच्या बाईंनी नोकरीबद्दल कोणताही सल्ला दिला नाही. तुम्ही आज जेवलात का, घरात आणखी कोण आहे, असे साधे प्रश्न विचारले, आणि त्या रात्रीपुरते मला तेवढेच हवे होते.

पहिला टप्पा: शरीर

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये आजारांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात 'बर्नआउट'ची व्याख्या दिली. संघटना त्याला आजार म्हणत नाही, कामाशी निगडित स्थिती म्हणते, आणि तिची तीन लक्षणे सांगते: शक्ती संपून गेल्यासारखे वाटणे, कामाविषयी मनात दुरावा किंवा कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही अशी भावना बळावणे. यातील तिसरे लक्षण फसवे आहे. आपली लायकीच नाही असे वाटू लागते, आणि लायकी नाही असे वाटणारा माणूस दुसरीकडे अर्ज करायला धजावत नाही. मी दोन वर्षे बायोडेटा उघडला नाही, त्याचे मुख्य कारण हेच होते; हप्ता त्यानंतरचे.

याच संघटनेने आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, आठवड्याला 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत 55 किंवा अधिक तास काम करणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका 17 टक्क्यांनी जास्त आढळतो. शाखेतील वेळ, घरी येऊन केलेले फोन आणि शनिवारी लावलेला 'ड्राइव्ह', म्हणजे विक्रीची मोहीम, असे सगळे मिळून माझे तास 58 भरत होते. ते मी कधी मोजलेच नव्हते. तुम्ही एक आठवडा मोजून पाहा. प्रवास त्यात धरू नका, पण रात्री साडेनऊला व्हॉट्सॲपवर दिलेली उत्तरे धरा.

त्यानंतर आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊन रक्तदाब, हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर आणि बी-12 तपासून घ्यावे. हा सल्ला काहींना अगदी साधा वाटेल, पण थायरॉइड मंदावलेला असेल किंवा शाकाहारी घरांत बऱ्याचदा दिसणारी बी-12 ची कमतरता असेल, तर तो थकवा नोकरी बदलूनही जाणार नाही. माझे बी-12 बरेच कमी निघाले. औषध सुरू झाल्यावर नोकरी चांगली वाटू लागली नाही, परंतु जिना चढताना दम लागेनासा झाला आणि विचार करायला डोके थोडे मोकळे झाले. सतत उदासी, रडू येणे, भूक उडणे किंवा कशातच रस न वाटणे हे दोन आठवड्यांहून अधिक काळ चालू असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच संरक्षण द्यायचे आहे, त्यामुळे आपल्या पॉलिसीत काय बसते ते अवश्य विचारावे.

झोपेबाबत मला उपयोगी पडलेले नियम दोनच. पहिला, रात्री झोप कितीही उशिरा लागली तरी उठण्याची वेळ सुटीच्या दिवशीही तीच ठेवायची. दुसरा, दुपारी तीननंतर चहा-कॉफी घ्यायची नाही, कारण कॅफीनचे शरीरातील प्रमाण निम्मे व्हायलाच साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाच्या 'रिव्ह्यू'आधीचा कटिंग सोडणे मला फार जड गेले, कारण दिवसभरात शाखेबाहेर उभे राहण्याची ती एकच वेळ होती. मग मी टपरीवर जाणे चालू ठेवले आणि चहाऐवजी लिंबूपाणी घेऊ लागलो. असे तीन-चार आठवडे गेले की पुढच्या टप्प्याला लागावे.

दुसरा टप्पा: तीन आठवड्यांची वही

या टप्प्यावर मी सर्वाधिक भर देतो, कारण माझ्या बाबतीत खरा उलगडा इथेच झाला. एक साधी शंभर पानी वही घ्यायची आणि तीन आठवडे, कामाच्या प्रत्येक दिवशी, निदान चार नोंदी करायच्या: किती वाजता, काय करत होतो, सोबत कोण होते आणि शरीरात काय जाणवले. मत लिहायचे नाही. "साहेब नालायक आहे" ही नोंद कामाची नाही. "11:20, साहेबांनी सर्वांसमोर आकडा विचारला, कान तापले" ही नोंद कामाची आहे. नोंदी त्याच वेळी करायच्या, कारण रात्री लिहायला बसलो की सगळा दिवस एकाच रंगाचा दिसतो. वही कंपनीच्या लॅपटॉपवर किंवा ऑफिसच्या ईमेलवर ठेवू नये.

माझ्या वहीतील नोव्हेंबरमधील एक दिवस जसाच्या तसा देतो. "सोमवार. 9:40, कॉलवर सगळ्यांचे आकडे वाचले, पोटात गोळा. 12:15, पेन्शनवाले आजोबा, हयातीचा दाखला भरून दिला, त्यांच्या अंगठ्याचा ठसा यंत्रावर उमटेना, चार वेळा बोट पुसून घेतला, बरे वाटले. 3:30, एका कर्जखात्याचा घोळ सापडला, वेळ कसा गेला कळले नाही. 6:30, आजोबा दहा मिनिटे समोर बसले होते तर त्यांना पॉलिसी का दिली नाही म्हणून बोलणी खाल्ली. मान आखडली."

अशा पंधरा दिवसांच्या नोंदी एकत्र वाचल्या तेव्हा माझ्या लक्षात आले की मी ज्याला 'बँकेची नोकरी नको' म्हणत होतो, त्यातले हिशेबाचे काम मला आवडत होते, समोरच्या माणसाचे कागद मार्गी लावणे तर फारच आवडत होते. ज्यांना गरज नाही अशा वयस्कर ग्राहकांच्या गळ्यात विमा पॉलिसी बांधणे, हे मात्र माझ्याने होत नव्हते. लाज वाटत होती, आणि ती लाज मी थकवा या नावाखाली लपवत होतो. हे कळल्यावर शोधायची नोकरी बदलली. त्याआधी मी दुसऱ्या बँकांच्या, म्हणजे त्याच टार्गेटच्या, जागा पाहत होतो.

तुमची वही वाचताना प्रत्येक वाईट नोंदीसमोर पाचपैकी एक अक्षर लिहा. का, म्हणजे काम नको. मा, म्हणजे माणूस नको. वे, म्हणजे वेळ किंवा प्रवास नको. मो, म्हणजे मोबदला अपुरा. ल, म्हणजे जे करायला सांगितले जाते त्याची लाज वाटते. कोणते अक्षर सर्वाधिक येते त्यावर पुढचा रस्ता ठरतो. 'मा' जास्त असेल तर त्याच संस्थेत बदली किंवा दुसरा विभाग पुरेसा ठरू शकतो. 'वे' जास्त असेल आणि डोंबिवलीहून अंधेरीला जाण्या-येण्यात रोज चार तास जात असतील, तर कामाचे स्वरूप बदलण्याची गरजच नसते, ठिकाण बदलावे लागते. 'मो' असेल तर राजीनाम्याआधी पगारवाढीबद्दल आकड्यांसह एक स्पष्ट बोलणे करून पाहावे. 'का' असेल तर नवे कौशल्य शिकावे लागेल आणि त्याला वर्ष-दीड वर्ष लागेल हे मान्य करून चालावे. 'ल' असेल तर मात्र माझ्या मते फार काळ थांबू नये, कारण विश्रांती घेऊन ती लाज जात नाही.

चांगल्या नोंदींखालीही रेघ मारा. पुढची नोकरी कशी असावी याचा पत्ता त्या नोंदींतच असतो.

तिसरा टप्पा: घरखर्चाचा आकडा

"आपल्याला परवडणार नाही" हे वाक्य बहुतेक घरांत आकडा न काढताच म्हटले जाते. माझा त्या वेळचा हातात येणारा पगार 46,000 रुपये होता. एका शनिवारी आम्ही दोघांनी बसून मागील सहा महिन्यांची पासबुके काढली आणि किमान खर्च लिहिला: घराचा हप्ता 14,500, किराणा-दूध-भाजी 9,000, मुलीची शाळा 4,000, वीज, गॅस, मोबाइल आणि सोसायटी मिळून 3,500, औषधे आणि विमा 3,000, प्रवास 2,500. एकूण 36,500. इथपर्यंत सगळे जण येतात. चूक पुढे होते. जूनमधील वह्या-पुस्तके, दिवाळी, गाडीचा विमा, गावाकडचे एखादे लग्न, असे वर्षातून एकदा येणारे खर्च आपण विसरतो. आमचे ते 48,000 निघाले, म्हणजे महिन्याला 4,000. खरा किमान आकडा 40,500.

या आकड्यातून दोन गोष्टी ठरतात. पहिली, हातात दुसरी नोकरी नसताना बाहेर पडायचे असेल तर निदान सहा महिन्यांचे, म्हणजे आमच्या बाबतीत 2,43,000 रुपये, मुदत ठेवीत किंवा बचत खात्यात, लगेच काढता येतील असे हवेत. दुसरी, कमी पगाराची नोकरी घ्यायची तर किती कमी चालेल. पत्नीच्या शिकवण्यांचे 5,000 धरले तर मला 35,500 च्या खाली जाता येणार नव्हते. हा आकडा कळल्याच्या दिवशी मला जेवढे मोकळे वाटले तेवढे त्याआधीच्या वर्षभरात वाटले नव्हते, कारण तोपर्यंत 46,000 तील एक रुपयाही कमी चालणार नाही असेच मी धरून बसलो होतो.

क्रेडिट कार्डाची थकबाकी किंवा पर्सनल लोन असेल तर बचतीआधी ते फेडावे, कारण त्यांचे व्याज ठेवीच्या व्याजाच्या कितीतरी पुढे असते. आणि नोकरी सोडण्याचा विचार असताना पगाराच्या जोरावर नवी गाडी किंवा मोठा फ्लॅट घेऊ नये. नकोशा नोकरीचा शीण खरेदीने भरून काढण्याची ओढ फार असते, आणि त्या खरेदीचा हप्ताच पुढे आपल्याला त्या नोकरीत आणखी पाच वर्षे बसवून ठेवतो.

चौथा टप्पा: कागद

नियुक्तिपत्र काढून शांतपणे वाचावे. नोटीस पिरियड किती दिवसांचा, तो पैसे भरून कमी करता येतो का, ते पैसे मूळ वेतनावर मोजायचे की पूर्ण पगारावर, शिल्लक रजा त्यात वळती होते का, हे चार मुद्दे लिहून घ्यावेत. आयटी आणि बँकिंगमध्ये नव्वद दिवसांची नोटीस सर्रास असते, तर नवी कंपनी पुष्कळदा तीस दिवसांत या म्हणते, म्हणून मुलाखतीच्या पहिल्याच फेरीत आपला कालावधी सांगून टाकावा.

बॉण्ड, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडल्यास पैसे भरण्याचा करार, याविषयी बरेच गैरसमज आहेत. "बॉण्डला कायद्यात किंमत नाही" असे सांगणारे मित्र भेटतात आणि ते पूर्ण खरे नाही. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेच्या प्रकरणात, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. मात्र कोणालाही जबरदस्तीने कामावर ठेवता येत नाही, आणि करार कायदा, 1872 च्या कलम 74 नुसार भरपाई वाजवी असावी लागते. नोकरी सोडल्यानंतर प्रतिस्पर्धी कंपनीत जाऊ नये अशी अट त्याच कायद्याच्या कलम 27 मुळे आपल्याकडे सहसा टिकत नाही. पण गोपनीय माहिती बाहेर न नेण्याचे बंधन नोकरीनंतरही राहते, हे लक्षात असू द्यावे. रक्कम मोठी असेल तर वकिलाला एकदा पत्र दाखवण्याची फी वाया जात नाही.

ग्रॅच्युइटीसाठी, म्हणजे नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांनुसार मिळणाऱ्या एकरकमी पैशांसाठी, नेहमीच्या कायम नोकरीत पाच वर्षांची सलग सेवा लागते. नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनुसार ठरावीक मुदतीच्या करारावरील कर्मचाऱ्यांना ती एका वर्षानंतरही मिळू शकते. हिशेब सोपा आहे: शेवटचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता गुणिले 15, भागिले 26, गुणिले सेवेची वर्षे. मूळ वेतन 30,000 आणि सेवा पाच वर्षे असेल तर सुमारे 86,500 रुपये होतात. तुम्हाला चार वर्षे आणि नऊ महिने झाले असतील, तर तीन महिने थांबण्याला हे एक ठोस कारण आहे. दोनच वर्षे झाली असतील, तर ग्रॅच्युइटीसाठी थांबतो असे स्वतःला सांगत राहणे बरोबर नाही.

पीएफ काढू नये, नव्या खात्यात वर्ग करावा. पाच वर्षांच्या आत काढलेल्या रकमेवर कर लागतो, आणि पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा मोजली जाते, ती पेन्शनची रक्कम काढून घेतली की तुटते. यूएएनला, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणाऱ्या पीएफ क्रमांकाला, तुमचा स्वतःचा मोबाइल क्रमांक जोडलेला आहे ना, जन्मतारीख आणि नावाचे स्पेलिंग आधारशी जुळते ना, हे नोकरीत असतानाच तपासावे. नंतर त्यासाठी जुन्या कंपनीच्या एचआरची मनधरणी करावी लागते.

आरोग्य विमा हा सर्वांत दुर्लक्षित मुद्दा. कंपनीचा गटविमा सामान्यतः शेवटच्या कामाच्या दिवशी संपतो. स्वतःची पॉलिसी निदान काही महिने आधी घ्यावी, कारण आधीपासून असलेल्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ असतो आणि तो 36 महिन्यांपर्यंत असू शकतो. गटविम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येते का, हेही विचारून घ्यावे. आईवडील तुमच्या गटविम्यात असतील तर राजीनाम्याची तारीख ठरवताना हाच मुद्दा पहिला धरावा.

घरी सांगताना

माझे वडील एसटीत मेकॅनिक होते. पगार वेळेवर होण्याची किंमत त्यांनी आयुष्यभर ओळखली होती. मी सोडायचे म्हटल्यावर ते एवढेच म्हणाले, "अरे, लागलेली नोकरी आहे. लोकांना मिळत नाही." मी त्या दिवशी चिडून उठलो, ते चुकले. त्यांच्या म्हणण्यात माझ्यावर अविश्वास नव्हता. मुलाच्या घराचा हप्ता कोण भरणार ही काळजी होती. काळजीला उत्तर आकड्यांनी द्यावे लागते. पुढच्या खेपेला मी खर्चाचा कागद, ठेवीची पावती आणि वही घेऊन त्यांच्यासमोर बसलो. वही त्यांनी स्वतः वाचली. पेन्शनवाल्या आजोबांच्या नोंदीपाशी थांबले, चष्मा काढला आणि म्हणाले, "ठीक आहे. पण दुसरी हातात आल्याशिवाय नको." ती अट मला मान्य होती.

जोडीदाराशी बोलताना "मला नोकरी सोडायची आहे" अशी सुरुवात करण्यापेक्षा "मला अमुक महिन्यापर्यंत यातून बाहेर पडायचे आहे आणि त्यासाठी घरात हे-हे बदलावे लागेल" असे बोलावे. लग्न ठरायचे असेल, घरात आजारपण असेल किंवा एकाच पगारावर पाच माणसे असतील, तर त्यांचाही शब्द या निर्णयात असलाच पाहिजे.

ठरवून थांबणे

सगळ्यांना लगेच निघता येत नाही, आणि थांबण्यात कमीपणा नाही. पण थांबणे तारखेचे असावे. "बघू" म्हणून थांबलेला माणूस आणि "31 मार्चपर्यंत, कर्ज फिटेपर्यंत" म्हणून थांबलेला माणूस यांच्या सोमवारांत फरक असतो. ब्रिटनमधील सरकारी कर्मचाऱ्यांवर मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1985 पासून केलेल्या व्हाइटहॉल अभ्यासात असे दिसले की आपल्या कामावर ज्यांचे नियंत्रण कमी, त्यांच्यात हृदयविकार अधिक. म्हणून थांबण्याच्या काळात नियंत्रणाच्या लहान लहान जागा शोधून त्या धरून ठेवायच्या. मी दुपारचा डबा शाखेबाहेर, समोरच्या देवळाच्या पारावर खायला लागलो. रात्री आठनंतर फोन स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवू लागलो आणि सकाळी आठला उत्तरे देऊ लागलो. पहिल्या आठवड्यात दोनदा बोलणी बसली, नंतर ते अंगवळणी पडले. हयातीचे दाखले आणि कर्जखात्यांची जुळवाजुळव मी मागून माझ्याकडे घेतली. टार्गेट कमी झाले नाही, पण दिवसाकाठी दोन तास माझे झाले.

याच काळात शिकणे सुरू करावे. नाशिकमध्येच मुख्यालय असलेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे अभ्यासक्रम नोकरी करत पूर्ण करता येतात, आणि स्वयम या सरकारी संकेतस्थळावरील बहुतेक अभ्यासक्रम विनामूल्य शिकता येतात, फी फक्त परीक्षेची असते. मी जीएसटी आणि निर्यातीच्या कागदपत्रांचा अभ्यास आठवड्यातून तीन संध्याकाळी, प्रत्येकी एक तास, असा केला. त्याहून जास्त ठरवले की दोन आठवड्यांत सगळेच सुटते, हे माझ्या अनुभवाचे आहे.

शोध

संकेतस्थळांवर रात्री अकरा वाजता पन्नास अर्ज टाकणे म्हणजे शोध नव्हे. त्याने उत्तरे येत नाहीत आणि आधीच खचलेले मन आणखी खचते. आठवड्याला दोन अर्ज करावेत, पण ती जागा नीट वाचून आणि त्यानुसार बायोडेटा बदलून. त्याहून उपयोगाचे म्हणजे ज्या कामात जायचे आहे ते काम सध्या करणाऱ्या पाच माणसांना भेटणे. नोकरी मागायची नाही. "तुमचा मंगळवार कसा जातो? हंगामात घरी किती वाजता पोहोचता? सोडून गेलेली माणसे का गेली?" एवढे विचारायचे. आमच्या शाखेचे एक द्राक्षनिर्यातदार ग्राहक होते. त्यांच्या हिशेबनिसांना मी पिंपळगाव बसवंतला जाऊन भेटलो. जानेवारी ते एप्रिल आम्हाला रविवार नसतो, हे त्यांनीच सांगितले. ते आधी कळले म्हणून नंतर लागले नाही.

राजीनामा आणि त्यानंतरचे तीन महिने

नवे नियुक्तिपत्र हातात आल्याशिवाय, केवळ तोंडी शब्दावर, राजीनामा देऊ नये. त्याआधी पगारपत्रके, फॉर्म 16, जुने नियुक्तिपत्र आणि पगारवाढीची पत्रे स्वतःच्या ईमेलवर घ्यावीत, कारण ऑफिसचा मेल कोणत्याही क्षणी बंद होऊ शकतो. ग्राहकांची यादी किंवा कंपनीच्या फाइली मात्र घेऊ नयेत. साहेबांना आधी प्रत्यक्ष सांगावे आणि त्याच दिवशी ईमेल करावा. पत्र चार ओळींचे असावे: राजीनामा, तारीख, नोटीसचा शेवटचा दिवस, काम सोपवण्याची तयारी. तक्रारींची जागा तिथे नाही. पगार वाढवतो, थांब, असे म्हटले गेले तर लगेच उत्तर देऊ नये. घरी येऊन वही उघडावी आणि सर्वाधिक आलेले अक्षर 'मो' होते का ते पाहावे. नसेल, तर वाढीव पगाराने त्यातले काही बदलणार नाही. निघताना रिलिव्हिंग लेटर, अनुभव प्रमाणपत्र आणि फुल अँड फायनलचा हिशेब लेखी मागून घ्यावा.

मला द्राक्षनिर्यातीच्या पॅकहाउसमध्ये, म्हणजे माल पॅक करून पाठवण्याच्या ठिकाणी, 37,000 मिळू लागले, म्हणजे आधीपेक्षा 9,000 कमी. पहिला महिना हलके वाटण्यात गेला. दुसऱ्या महिन्यात एक विचित्र रितेपण आले, ज्याची मला कोणी कल्पना दिली नव्हती. मारी याहोडा या समाजमानसशास्त्रज्ञ बाईंनी 1930 च्या दशकात ऑस्ट्रियातील मारिएन्थाल या गिरणी बंद पडलेल्या गावात बेकारीचा अभ्यास केला होता. नोकरी पगाराखेरीज दिवसाला आकार, घराबाहेरची माणसे, सामायिक उद्देश, समाजातली ओळख आणि नियमित हालचाल देते, हे त्यांनी पुढे मांडले. नकोशी नोकरी सोडतानाही या पाच गोष्टी काही प्रमाणात सुटतात. लग्नकार्यात "सध्या कुठे?" या प्रश्नाला बँकेचे नाव सांगायची सवय होती, तिथे जीभ अडखळायची. जुन्या शाखेतील दोघांशी महिन्यातून एकदा चहाला भेटण्याचे मी ठरवून घेतले, सकाळचे चालणे चालू ठेवले, आणि तो काळ सरला. नोकरी हातात नसताना बाहेर पडणाऱ्यांनी तर या पाच गोष्टींची सोय पहिल्या सोमवारपासूनच करावी: उठण्याची वेळ, घराबाहेर बसण्याची एखादी जागा, जसे वाचनालय किंवा अभ्यासिका, आणि रोज बोलायला एक तरी माणूस.

नव्या ठिकाणी तीन महिने झाले की वही पुन्हा तीन आठवडे लिहावी, त्याच पद्धतीने, आणि जुन्या नोंदींशेजारी ठेवून वाचावी. माझ्या दुसऱ्या वहीत 'वे' हे अक्षर अकरा वेळा आले, कारण फेब्रुवारी होता आणि कंटेनर निघाल्याशिवाय कोणी घरी जात नव्हते. 'ल' एकदाही आले नाही. हंगाम संपल्यावर मालकांकडे मी पुढच्या वर्षासाठी एक मदतनीस मागितला आहे. जूनमध्ये सांगतो म्हणाले आहेत.